सोसायटीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष कोणी ठेवायचं? सभेत ठराव मांडायचाय, सल्ला हवा

लालबागचा सेक्रेटरी

नमस्कार मंडळी.

वय ६२. बेस्टमध्ये ३१ वर्षं, आधी कंडक्टर, शेवटी डेपोत टाइमकीपर. निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच रविवारी 'तुम्ही आता मोकळेच' म्हणून सोसायटीने सेक्रेटरीपद गळ्यात बांधलं. म्हणून हा प्रश्न माझ्या डोक्याला लागलाय, नाहीतर मीही पेपरात वाचून 'काय दिवस आलेत' म्हणालो असतो आणि घडी करून ठेवली असती.

आमची मूळ चाळ लालबागला. तळमजला अधिक तीन, खोली दहा बाय बारा, पुढे लांबलचक गॅलरी, मजल्याच्या टोकाला संडास. गिरणगावातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. चाळ पाडली, सहा वर्षं आम्ही चारी दिशांना विखुरलो, आता त्याच जागी २२ मजली टॉवर आहे. घर ४०५ चौरस फूट, संडास घरात, लिफ्ट दोन. 'चाळीत काय मजा होती' हे रडगाणं मी गात नाही. माझी आई त्या टोकाच्या संडासाला रात्री जाताना जिन्यात पडली होती, ती पुन्हा नीट चाललीच नाही.

पण एक गोष्ट चाळीत फुकट मिळायची, ती आता मिळत नाही. दारं उघडी असायची. सकाळी साडेसातला कोणाचं दार लागलेलं दिसलं, की येणारा-जाणारा कडी वाजवायचा. 'काय गं, बरं नाही का?' त्यात माया असायचीच असं नाही, निम्म्या वेळा नुसता भोचकपणा. पण कळायचं.

आता १४०३ मधल्या काकूंचं सांगतो. वय ८१. नवरा गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातला एक. तो पुन्हा गिरणीत गेलाच नाही. काकूंनी खानावळ चालवून तीन पोरं वाढवली. गावाकडून आलेले एकटे कामगार गाळ्यात राहायचे आणि जेवायला अशा बायकांकडे, त्यांना 'मेंबर' म्हणायचे. काकूंचे चौदा मेंबर. संपात पैसे थकले तरी त्यांनी कोणाचं ताट बंद केलं नाही, हे मी माझ्या वडिलांकडून ऐकलंय, आणि वडील कोणाचं सहसा कौतुक करत नसत. (प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी. काकूंचं पहिलं बँकेचं कर्ज त्यांच्यामार्फत झालं होतं.) थोरला मुलगा मस्कतला, धाकटा चाकणला कारखान्यात, मुलगी कल्याणला.

गेल्या जूनमध्ये रात्री अकराच्या सुमाराला काकू बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल गादीवर राहिला. हाका मारल्या असणार, पण बाहेर पाऊस, मधे दोन-दोन दारं, बाजूच्यांचा एसी. कोणाला काही ऐकू गेलं नाही. वॉचमनची रात्रीची फेरी दोनदा त्याच दारावरून गेली.

सकाळी सव्वाआठला १४०५ मधल्या दोन मुलींपैकी एक कामावरून आली. दोघी केरळच्या, परळला हॉस्पिटलात नर्स आहेत. तिला काकूंच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. काकू साडेसहाला दूध आत घेतात हे तिला माहीत होतं. त्या मजल्यावर चाळीपासूनचे आम्ही तीन घरं आहोत, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तिने बेल वाजवली, दाराला कान लावला आणि मला इंटरकॉम केला. आतून कडी होती, म्हणजे माझ्याकडे किल्ली असती तरी उपयोग शून्य. सुताराने कटर आणून सेफ्टी डोअर कापलं, मग आतल्या दाराची कडी तोडली. वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ ती पोरगी दाराच्या फटीला तोंड लावून मोडक्या मराठीत बोलत होती, "काकी, हलू नका. काकी, मी आहे." आत शिरल्यावर आम्ही दोघं-तिघं पुरुष काकूंना उचलायला वाकलो, तर तिने हात आडवा घातला. १०८ ची अँब्युलन्स येईपर्यंत काकू फरशीवरच, वर चादर, डोकं तिच्या मांडीवर.

आता जे लिहितो ते लिहायला बरं वाटत नाही. त्याच दोघींना एप्रिलमध्ये मी नोटीस काढली होती. 'अविवाहित भाडेकरू, अवेळी ये-जा.' सही माझी. अवेळी म्हणजे त्यांची रात्रपाळी.

काकू वाचल्या. ऑपरेशन झालं. मुलं आली, सगळी आली, त्यात खोट नाही. तिसऱ्या दिवशी हिशेब सुरू झाला. थोरला म्हणाला, मी पैसे पाठवतो. धाकटा म्हणाला, माझी बारा तासांची पाळी. मुलगी आजतागायत एक दिवसाआड कल्याण ते करी रोड करतेय. तिच्या घरी तिची सासू आहे, आणि तुला जमेल का हे तिला कोणी विचारलंसुद्धा नाही, धरूनच चालले. मग घर कोणाच्या नावावर हा विषय निघाला तेव्हा मी चहा अर्धा टाकून उठून आलो.

त्यानंतर मी आणि खजिनदार दोन रविवार दारोदार फिरलो. ९६ घरं. सत्तरीच्या पुढचे ४१. त्यातले अगदी एकटे १३. आणखी ८ घरांत दोघंच, म्हणजे ऐंशीचा नवरा अठ्ठ्याहत्तरच्या बायकोला उचलून बसवतो. एका आजोबांनी दार उघडायला चार मिनिटं लावली. मी घड्याळात बघितलं, टाइमकीपरची खोड. आत गेल्यावर उलगडलं. खुर्चीपासून दारापर्यंत येताना ते दोन ठिकाणी थांबतात, आधी फ्रिजला हात टेकून, मग देवघराच्या फळीला. फ्रिजच्या कडेचा रंग तेवढ्याच भागात उडालाय.

तर माझा ठराव असा आहे. दर घराने महिन्याला ३०० रुपये द्यावेत. ९६ घरांचे २८,८०० होतात. त्यात दिवसभरासाठी एक आया सोसायटीने ठेवावी, ती या तेरा घरांत फिरेल. शिवाय प्रत्येकाची जास्तीची किल्ली ऑफिसात. कमिटीत सातपैकी तीन जण माझ्या बाजूने, तिघं विरोधात, आणि अध्यक्ष म्हणतात 'बघू'. सर्वसाधारण सभा गणपतीनंतर आहे. हे सक्तीचं करता येतं का? करावं का? मुलांना सोसायटीने पत्र पाठवावं का? कोणाच्या सोसायटीत असं काही चालू असेल तर खरं सांगा, चालत नसेल तर तेही सांगा.

हप्तेवाला

काका, राग मानू नका, पण तुमच्या त्या विरोधातल्या तिघांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

मी ३४ वर्षांचा. अशाच एका पुनर्विकासातल्या इमारतीत रिसेलमध्ये घर घेतलंय. हप्ता ७१ हजार. प्रश्न ३०० रुपयांचा नाही. आज म्हाताऱ्यांसाठी, उद्या कोणी पाळणाघर मागेल, परवा कोणी कुत्री फिरवायला माणूस. सोसायटीने पाणी, लिफ्ट, वॉचमन, साफसफाई बघावी. ज्या काकूंचा मुलगा मस्कतला कमावतो, त्यांच्या आयाचा पगार मी का भरायचा? आणि ज्यांना खरंच कोणी नाही त्यांच्यासाठी सरकारने काही करायला नको? मी टॅक्स भरतो तो कशासाठी?

दुसरं म्हणजे उद्या तुमच्या आयाच्या हातून एखादे आजोबा पडले, तर पोलीस स्टेशनात कोण जाणार? ज्याची सही आहे तो. तुम्ही नोटिशीवर सही केलीत तशी नेमणूकपत्रावरही तुमचीच असणार.

खरं सांगायचं तर माझे आईवडील सांगलीला असतात. बाबांना डॉक्टरकडे न्यायला शेजारचा मुलगा गाडी काढतो. मी त्याला दिवाळीला शर्टपीस देतो. हे टाइप करताना माझं मलाच कसंतरी झालं. तरी मत बदललेलं नाही.

माजी नायब

मी महसूल खात्यात होतो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं प्रांत कार्यालयात या विषयाच्या फायली हाताखालून गेल्या आहेत.

सेक्रेटरीसाहेब, आधी सक्तीचं बोलू. नादी लागू नका. देखभाल खर्चातला सेवा शुल्काचा भाग सगळ्या घरांना सारखा लागतो. त्यात आयाचा पगार घातलात की पहिला अर्ज उपनिबंधकांकडे जाईल, आणि तो अर्ज बहुधा आमचे हप्तेवालेच करतील. ऐच्छिक निधी करा, खातं वेगळं ठेवा, सभेची मंजुरी घ्या, हिशेब दर महिन्याला फळ्यावर लावा. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते हे तुम्हाला माहीत असेलच.

मुलांबद्दल. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. साठीच्या पुढचा कोणीही प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. वकील लागत नाही. ९० दिवसांत निकाल, अडचण असेल तर आणखी ३० दिवस. जबाबदारी मुलाची तशीच मुलीची, आणि सज्ञान नातवंडांचीसुद्धा. मूलबाळ नसेल तर ज्याला ती मिळकत मिळणार आहे त्या नातेवाइकाची. निर्वाहाची रक्कम या कायद्यात महिन्याला १०,००० पर्यंत.

पण माझा अनुभव ऐका. अर्ज करायला आलेली दहातली सात माणसं दुसऱ्या तारखेला येऊन म्हणायची, 'साहेब, मागे घ्यायचाय. पोरगा वाईट नाहीये.' एका आजींनी तर मुलाला माझ्यासमोरच विचारलं होतं, 'डबा खाल्लास का?' कायद्याने पैसे मिळतात. रात्री अकराला बाथरूममध्ये पडलेल्या बाईला कायदा उचलत नाही.

घराचा विषय मात्र कायद्याचाच आहे. काकूंना सांगा, घाईने बक्षीसपत्र करू नका. करायचंच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात हवेत. कलम २३ खाली, अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी २०२५ च्या निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असंही म्हटलंय. पण निकालांच्या भरवशावर राहण्यापेक्षा दस्तात एक ओळ जास्त घाला. सगळ्यात बरं म्हणजे मृत्युपत्र करा आणि हयातीत घर स्वतःच्या नावावर ठेवा.

सरकार काय करतं, असं हप्तेवाले विचारतात. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. तुमच्या ४१ जणांची कार्डं निघालीत का बघा, ते काम सोसायटीच्या ऑफिसात एका रविवारी होईल, आधार आणि मोबाइल एवढंच लागतं. मात्र ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरचं. घरी आल्यानंतर जे तीन महिने उठवायचं-बसवायचं असतं, त्याला सरकारी दमडी नाही. मला विचाराल तर गाडी तिथेच अडते. एकट्या राहणाऱ्यांची नोंद जवळच्या पोलीस ठाण्यात करून ठेवा, मुंबई पोलिसांचा १०९० आणि देशभराचा १४५६७ हे ज्येष्ठांच्या मदतीचे दोन नंबर मोठ्या अक्षरांत फोनशेजारी चिकटवा.

बदलापूर लेडीज डबा

मी हे बोलून टाइप करतेय, काही चुकलं तर समजून घ्या. मी आयाचं काम करते, नऊ वर्षं झाली. आत्ता माटुंग्याला एका आजींकडे आहे, आठ ते आठ. बदलापूरहून सकाळी पावणेसहाची गाडी धरते.

सेक्रेटरी काका, तुम्ही २८,८०० मध्ये आया बसवलीत, पण तिची सुट्टी कुठे बसवलीत? महिन्याचे चार दिवस ती येणार नाही, त्या दिवशी तेरा घरं काय करणार? ब्यूरोतून घ्याल तर ब्यूरो घरच्यांकडून दिवसाचे साडेनऊशे घेतो आणि माझ्या हातात सातशे ठेवतो. सोसायटीने थेट ठेवली तर दोघांचंही भलं. पण मग बदलीची बाई आधीपासून ठरवून ठेवा.

आणि एक आया तेरा घरांना पुरेल हे डोक्यातून काढा. चालती-फिरती माणसं असतील तर चार, फार तर पाच. अंथरुणावरचं एक माणूस असेल तर तेच एक. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही बदलली तर पाठीला जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की भरत नाहीत लवकर. त्या माणसाला तसंच टाकून मी बाराव्या मजल्यावर दुसऱ्या आजींना चहा द्यायला जाऊ शकत नाही.

दुसरं म्हणजे अंघोळ. हे तुम्हाला कोणी पुरुषमाणूस सांगणार नाही. सगळ्यांना अंघोळ सकाळी आठ ते दहातच हवी असते. पूजा राहते, गोळी राहते, नाश्ता राहतो. पाच आजी-आजोबांना दोन तासांत अंघोळ घालणं म्हणजे घाई, आणि घाईतच माणूस पडतं. त्यामुळे कोणाची अंघोळ दुपारी चारला, हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवा. आयावर सोडू नका, आयाचं ते ऐकत नाहीत. बाथरूममध्ये पकडायला दांडे लावून घ्या, भिंतीत ठोकलेले, ते चिकटवायचे आणू नका, ओल्या हाताने ओढलं की निघून येतात. स्टूल प्लॅस्टिकचं नको.

आणखी एक विचारते. ती आया डबा कुठे खाणार? मी एका टॉवरमध्ये दोन वर्षं जिन्यात बसून डबा खाल्लाय. मोठी लिफ्ट आम्हाला नव्हती, सामानाची होती. ती बंद पडली की अकरा मजले. तेव्हा ठरावात आयाला कोणती लिफ्ट तेही लिहा.

हप्तेवाले दादा, तुमचं मला पटलं पण आणि नाही पण. माझी सासू चिपळूणच्या बाजूला गावी असते. डोळ्यांनी कमी दिसतं. श्रावणबाळचे दीड हजार येतात. शेजारीण तिला दोन वेळची भाकरी देते, मी शेजारणीला महिन्याला हजार पाठवते. मी इथे दुसऱ्याच्या सासूला भरवते तेव्हा ते हजार निघतात. आता ती शेजारीणच पासष्टची झालीय, गुडघे दुखतात म्हणते. म्हणून तुम्हाला सांगते, त्या सांगलीच्या मुलाला शर्टपीस नका देऊ. पैसे द्या, दर महिन्याला, ठरवून. त्याला शर्ट त्याच्या आवडीचा घेऊ दे.

लालबागचा सेक्रेटरी

ताई, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून कमिटीत वाचला. अंघोळीचं वाचून खजिनदारांच्या मिसेस म्हणाल्या, 'बघा, दोन रविवार फिरलात, हे कोणी विचारलंत?' विचारलं नव्हतं. आम्ही वय, आजार आणि मुलांचे फोन नंबर विचारत होतो.

लिफ्टचं पण. आमच्याकडे असा नियम नाही, पण डबा कुठे खायचा याला जागाही नाही. ऑफिसच्या मागे मीटर रूमशेजारी एक खोली आहे, त्यात गणपतीचं मखर आणि तुटक्या खुर्च्या आहेत. ती रिकामी करतोय. विरोधातले तिघं यावर मात्र एकमताने हो म्हणाले, खर्च नाही ना त्यात.

हप्तेवाले, तुमच्यावर राग नाही. सक्तीचं मी सोडलं. नायबसाहेबांचं ऐकून ऐच्छिक करतोय. ५२ घरांनी तोंडी हो म्हटलंय. त्यात चार भाडेकरूही आहेत, पण भाडेकरूंसाठी मी ज्या मालकांकडे गेलो त्यांतले दोनच हो म्हणाले, ही गंमत लक्षात ठेवा. मस्कतवाल्यांशी फोनवर बोललो. म्हणाले, 'काका, मी तेरा घरांचे देतो, पण आईचं नाव पाटीवर नको.' पाटी लावायचा कोणाचाच विचार नव्हता.

तोक्योहून ठाणेकर

काका, दुधाच्या पिशवीपाशी मी थांबलो, कारण इथे नेमकं तेच चालतं.

मी निशिकासाईत राहतो, अकरा वर्षं झाली. चाळीस पूर्ण झाले तेव्हापासून पगारातून 'काइगो होकेन'चा हप्ता कापला जातो. म्हातारपणीच्या देखभालीचा विमा, २००० साली सुरू झालेला. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण भरतो, मी परदेशी असून भरतो. हप्तेवाल्यांनी विचारलं की टॅक्स कशासाठी, तर त्याचं इथलं उत्तर हे आहे. निम्मा पैसा टॅक्समधून, निम्मा या हप्त्यांमधून, आणि ज्याला सेवा लागते तो साधारण दहावा हिस्सा भरतो, उत्पन्न जास्त असेल तर जास्त. आधी माणूस घरी येऊन बघतो, स्वतः उठता येतं का, बटणं लावता येतात का, मग सात पायऱ्यांपैकी एक ठरते, त्या प्रमाणात सेवा मिळते. पैसे हातात देत नाहीत, माणूस पाठवतात. तेव्हा यावर इथे बराच वाद झाला होता. रोख दिली तर ती घेऊन सुनेलाच घरी बसवतील, असं बायकांच्या संघटनांचं म्हणणं होतं. तुमच्या कल्याणच्या ताई आठवल्या.

पण तुम्हाला उपयोगी पडेल ते वेगळं. याकुल्ट घरोघर वाटणाऱ्या बायका असतात, सायकलवर. १९७२ पासून त्यांच्यामार्फत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची विचारपूस होते. बाटली द्यायची, दोन शब्द बोलायचं, कालची बाटली तशीच दिसली तर कळवायचं. कल्पना एवढीच, की ज्याची रोजची फेरी आहेच त्यालाच बघायला सांगायचं. नवीन माणूस नेमायचा नाही.

फार भारावून जाऊ नका मात्र. इथे शंभरातले एकोणतीस जण पासष्टीच्या पुढचे आहेत, तरी एकटं मरून पडण्याला इथल्या भाषेत खास शब्द आहे, कोदोकुशी. आणि देखभाल करायला माणसं कमी पडतात म्हणून व्हिएतनाम, इंडोनेशिया, नेपाळहून आणतात. माझ्या समोरच्या केंद्रात पोखऱ्याची एक मुलगी आहे. तिची आजी तिकडे कोण बघतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. बदलापूरच्या ताईंचं वाचल्यावर विचारावंसं वाटतंय.

लालबागचा सेक्रेटरी

ठाणेकर, तुमच्या याकुल्टवरून दूधवाल्याला गाठलं. तो पहाटे साडेपाचला येतो, त्या वेळी सगळ्याच पिशव्या दारावर असतात, त्याला काय कळणार. मग आमची कचरा नेणारी बाई आठवली. ती नऊला प्रत्येक दारावर बेल मारतेच. तिला म्हटलं, पिशवी लटकलेली दिसली आणि बेलला उत्तर नाही, तर खाली वॉचमनला सांगायचं, त्याचे महिन्याला वेगळे पैसे देऊ. ती म्हणाली, "साहेब, मी आत्तापण बघतेच की. सातव्यावरचे आजोबा दोन दिवस कचरा देत नव्हते, मी तुमच्या वॉचमनला सांगितलं होतं." वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, हो सांगितलं होतं, पण कोणाला कळवायचं ते माहीत नव्हतं. ते आजोबा मुलीकडे पुण्याला गेले होते, म्हणून निभावलं.

तर ठराव आता असा आहे. ऐच्छिक निधी. दोन आया, सकाळची आणि संध्याकाळची, थेट सोसायटीकडून, प्रत्येकीकडे चारच घरं, बदलीची बाई ठरलेली. बाथरूमचे दांडे तेरा घरांत निधीतून. नऊ वाजताची खबर वॉचमनकडून माझ्या, खजिनदारांच्या आणि मजल्यावरच्या एकाच्या फोनवर. उरलेल्या पाच घरांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, सभेत कोणी विचारलं तर तसंच सांगणार.

आतली कडी काढायचं सगळ्यांना सांगितलं. बारा घरं तयार झाली. काकू नाहीत. वॉकर घेऊन दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "चौदा पुरुष जेवायला यायचे माझ्याकडे. रात्री कडी लावल्याशिवाय मी कधी झोपले नाही, आता काय झोपणार." शेवटी सुताराने बाहेरून किल्लीने उघडेल अशी कडी शोधून आणली. ती लावली. किल्ल्या दोन. एक मुलीकडे कल्याणला. दुसरी मी ऑफिसच्या रजिस्टरला नोंद करून घ्यायला गेलो, तर काकूंनी ती आधीच १४०५ मध्ये देऊन टाकली होती. मी म्हटलं, अहो काकू, मी सेक्रेटरी आहे. म्हणाल्या, "तू झोपतोस. त्या पोरी रात्रीच्या जाग्या असतात."

नोटीस मागे घेतल्याचं पत्र दिलंय त्या दोघींना. पण त्यांचा भाडेकरार फेब्रुवारीत संपतोय आणि मालक भाडं वाढवून मागतोय. काल त्याला फोन केला होता. उचलला नाही, उद्या परत करतो.